रोटीवर उतरलेला राजा

झाब नदीवरच्या कड्यात असिरियाच्या एका राजाने लेख कोरवला आहे, याचा पुरावा ओदिशोला दुपारी चारच्या आत आणायचा होता. चार वाजता नव्या रस्त्यासाठी कडा सुरुंगाने उडणार होता. मोसुलच्या संग्रहालयात ओदिशोने अठरा वर्षे कीलाक्षरे, म्हणजे खिळ्यांच्या आकाराची जुनी लिपी, वाचली होती; इंजिनियर बहनाम यांच्या मते मात्र कड्यावर केवळ पावसाच्या रेघा होत्या. "ठसा दाखवा, मग बोलू," ते म्हणाले होते.

वाटाड्या होता रशो. सारा डोंगर या म्हाताऱ्याला मामो म्हणे. हरवलेली बकरी शोधताना लेख त्यालाच दिसला होता. कॅमेरा, वही आणि ओला करून अक्षरांवर ठोकायचा ठशाचा कागद सुलतान नावाच्या खेचराच्या पाठीवर होता, नदीच्या मध्यापर्यंत. तिथे सुलतान खाली बसला. का बसला, हे उपलब्ध माहितीवरून सांगता येत नाही.

कागदाचा लगदा झाला. कॅमेऱ्यातून मासोळी निघाली.

"बुडालं तुमचं राज्य, उस्ताद," रशो म्हणाला.

"ते अडीच हजार वर्षांपूर्वीच बुडालंय, मामो. चला."

रशोने वरच्या ओकच्या झाडाला दोर बांधला आणि ओदिशो कड्यावरून खाली उतरू लागला. पाय सुटला! दोर ताणला गेला. गुडघा खडकावर आदळला. डोळे उघडले, तर नाकासमोर सात ओळी होत्या, खोल आणि धारदार, आणि नेमका त्याच क्षणी जगात कागद नव्हता.

"उस्ताद, जेवून घेऊ या का?" वरून हाक आली. रशोने कमरेच्या फडक्यातून पापडासारखी कडक, हातभर रुंद रोटी काढली होती आणि मऊ व्हावी म्हणून तिच्यावर पाणी शिंपडत होता.

"मामो, खाऊ नका!"

"का? बायकोने विष घातलंय?"

"ती खाली सोडा. ओलीच."

ओदिशोने रोटी लेखावर पसरली आणि मुठीने ठोकून अक्षरांत बसवली.

"अन्नाला बुक्क्या मारताय," रशो वरून पुटपुटला. "देव बघतोय."

दोन तासांच्या उन्हात रोटी पुन्हा कडक झाली आणि सबंध सुटून आली. ठसा मध्यम प्रतीचा होता, पण सातही ओळी वाचता येत होत्या.

चारला दहा मिनिटे असताना दोघे रस्त्याच्या कामाच्या छावणीत पोहोचले. बहनाम चहा पीत होते. रशोने रोटी त्यांच्यापुढे धरली. रोटी माणसापुढे धरली की तोंडून काय निघते, यावर त्याच्या डोंगरात कोणाचाच ताबा नसतो.

"घ्या, साहेब."

बहनामनी तुकडा मोडला, चहात बुडवला आणि खाल्ला.

"तुम्ही शेवटच्या तीन ओळी खाल्ल्यात," ओदिशो म्हणाला.

"तरीच कचकच लागतेय." बहनामनी उरलेली रोटी उन्हाकडे तिरपी धरली आणि बराच वेळ न्याहाळली. "पावसाच्या रेघा नाहीत, हे कबूल. पण अर्ध्या रोटीवर काम थांबवलं, तर वरचे मला सोलतील."

"साहेब," रशो शांतपणे म्हणाला, "माझ्या घरचं अन्न खाल्लंत. आता माझाच कडा उडवणार?"

बहनामही मोसुलचेच, आणि मोसुलच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी सुरुंगाचा इशारा द्यायची गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. "रस्ता पलीकडच्या काठाने नेऊ. वरच्यांना काय सांगायचं ते मी बघतो." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "त्या तीन ओळींत काय होतं?"

"लेख नष्ट करणाऱ्याला शाप. पोट फुगून मरशील, असा."

बहनामनी कप खाली ठेवला.

"शास्त्रीय आधार शून्य," ओदिशोने खुलासा केला.

"असं? मग उरलेल्या चार तुम्ही खा."

ओदिशोच्या पोटात सकाळपासून काही नव्हते.

"भूक नाही," तो म्हणाला, आणि रोटी त्याने जपून रुमालात गुंडाळली.