सवतीचा टाक

विश्वास नका ठेवू, चालेल. पण सुरभी माझी मावसबहीण आहे आणि खोटं बोलली की तिचे कान लाल होतात. हे सांगताना ते पांढरेफटक पडले होते.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. वर्धा जिल्ह्यातलं हिंगणी. तिथं बोर धरणाच्या वाटेवर सुरभीच्या नवऱ्याचं, अंकुशचं, वावर आहे. आणि त्या वावरात एक ताजमहाल आहे.

हसू नका, खरंच आहे.

अंकुशचं सेलूला टाइल्सचं दुकान. पहिल्या बायकोला, मोहिनीला, तो लग्नानंतर आग्र्याला घेऊन गेला होता. तिथं ती थट्टेनं म्हणाली, "मी मेल्यावर माह्यासाठी असं बांधसान का?" पुढं बाळंतपणातच गेली बिचारी, थेट मुमताजसारखी. अंकुशनं शब्द पाळला. पांढऱ्या फरशीची खोली, वर घुमट, एका बाजूला दगडी जाळी. आत तिच्या अस्थींवर ओटा आणि भिंतीवर आग्र्याचा फोटो. मागं ताजमहाल, पुढं हिरव्या साडीत हसणारी मोहिनी. लोक लांबून बघायला यायचे. असा नवरा मिळायला नशीब लागतं, म्हणायचे.

मग त्यानं सुरभीशी लग्न केलं.

आमच्याकडं दुसरेपणावर दिलेल्या पोरीच्या गळ्यात पहिलीची मूर्त कोरलेला चांदीचा टाक घालतात, तिनं त्रास देऊ नये म्हणून. नवी साडी आधी टाकाला दाखवायची, मग नेसायची. सुरभी हे सगळं करायची, पण जीभ तिखट. "शहाजहानलेही दुसऱ्या बायका होत्या," मला म्हणायची, "त्याइचं नाव कोनी इचारते का?"

त्या दिवशी व्हिडिओ काढायला दोन माणसं आली होती. सुरभी नवी आंबा कलरची साडी नेसली. टाकाला दाखवलीच नाही. वर ताजमहालात गेल्यावर गळ्यातला टाक काढून फोटोच्या खिळ्याला अडकवला.

"सवत गळ्यात घालून सवतीच्याच समाधीपाशी काऊन उभी राहू?" म्हणाली.

व्हिडिओ झाला. ऊन उतरलं. माणसं गेली, अंकुश मोटरसायकल काढायला बाहेर गेला. सुरभी टाक घ्यायला वळली...

आणि दार लागलं.

वारा नव्हता. दाराला बाहेरून कडीही नाही. तरी ते हलेना. तिनं ढकललं, ओढलं, खांदा मारून पाहिला.

बाहेर गाडी सुरू झाली.

ती जाळीकडं धावली. अंकुश समोरच होता, हाकेच्या अंतरावर. "अहो, मी आत आहो. दार उघडा ना." तिचा आवाज घुमटात घुमला. अंकुशनं मान वळवली नाही.

मग... बांधावरून कोणीतरी चालत गाडीकडं आलं.

आंबा कलरची साडी. तोच काठ.

सुरभीनं खाली पाहिलं. साडी तिच्या अंगावरच होती.

ती बाई अंकुशच्या मागं बसली, खांद्यावर हात ठेवला. आता मात्र त्यानं मान वळवली. आणि हसला.

"यामिनीताई, मले पाहून तो असा कधीच हासला नाई," सुरभी मला म्हणाली. इतकं सगळं सांगताना ती रडली, ती फक्त इथं.

गाडीचा आवाज लांब गेला. सुरभी मागं वळली. फोटोत ताजमहाल होता...

पुढं कोणीच नव्हतं.

त्या अंधारात केव्हातरी तिनं खिळ्यावरचा टाक चाचपून गळ्यात घातला, ओट्यावर डोकं टेकून माफी मागितली. उजाडलं तसं दार आपोआप किलकिलं झालं. दिवा लावायला आलेली सासू, पंचफुलाबाई, उंबऱ्यातच थबकली.

"अवं पोरी, तू इथं कशी? आत्ता तं तुले चुलीपाशी सोडून आली मी."

घरी चुलीपाशी कोणी नव्हतं. चहाचं भांडं गरम होतं. अंगणात तारेवर आंबा कलरची ओली साडी वाळत होती.

सुरभी तडक माहेरी, पुलगावला गेली. मावशीनं ऐकून घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि आठवड्यात परत पाठवलं. मेलेल्या बायकोवर एवढं प्रेम करणारा माणूस जितीला काय कमी करणार, म्हणाली. मीही तेव्हा मान हलवली होती.

पण मला खरी भीती वाटते ती अंकुशची.

त्यानं त्या रात्रीबद्दल एकदाही विचारलं नाही. कोण आलं, कोण गेलं, एक शब्द नाही. फक्त रोज दिवस कलला की गाडी काढतो, हॉर्न वाजवतो आणि गोड आवाजात म्हणतो, "चाल ना, वावरातून येऊ. टाक घरीच ठेवजो."

सुरभी डोकं दुखतं म्हणते. पोट दुखतं म्हणते. शेवटी तिनं सोनाराकडून टाक मंगळसूत्रालाच डाग देऊन पक्का जोडून घेतला. आता तो नुसता हातानं निघत नाही.

काल तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

अंकुशनं तिच्यासाठी साडी आणलीय. हिरवी.

आणि त्याच पिशवीत... एक नवी पक्कड.