आजारी नोकराने हद्द ओलांडू नये

प्रेमाला सीमा नसते. देवासला मात्र होती, आणि ती बाजाराच्या रस्त्याच्या मधोमध होती. अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. दोन गाद्या, दोन कचेऱ्या. मेथीची जुडी आणायला निघालेला माणूस परराज्यात जाऊन येई.

मानाजी थोरल्या पातीत कारकून होता. आई तापाने पडली, तेव्हा त्याने रजा मागितली. वरिष्ठ दत्तोपंतांनी नियमांचे पुस्तक उघडले.

"आजारी कोण?"

"आई."

"नोकरीत कोण?"

"मी."

"मग आजारी तुम्ही पडायला हवं."

मानाजीने विचार केला आणि तो आजारी पडला. पंधरा दिवसांची रजा मिळाली. अट एकच: आजारी नोकराने राज्याची हद्द ओलांडू नये.

औषध नेमके पलीकडे होते. कृष्णाजी हे धाकट्या पातीच्या पागेतले घोड्यांचे वैद्य. माणसांनाही ते काढा देत, मात्रा कमी करून. मानाजी रस्त्याच्या कडेला उभा राहून हाका मारू लागला. दार उघडले ते त्यांच्या मुलीने, सगुणाने. वय वीस, म्हणजे त्या काळी लोकांनी काळजी सोडून दिलेले. हातांना ओव्याचा वास, आणि माळव्याच्या रीतीने कोणालाही 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायची सवय.

"काय भिया, पाय मोडलाय का? इकडे या की."

"येता येत नाही. ताप आहे."

"तुम्हाला?"

"कागदावर मला. घरात आईला."

ती हसली नाही. मानाजीला ते फार आवडले. काढा घेऊन ती रस्ता ओलांडून आली, आईला पाजला, आणि मग म्हणाली, "हात पुढे करा. कागदावरचा ताप बघू."

नाडीवर बोटे ठेवून तिने ठोके मोजले.

"ही तर दौडून आलेल्या घोड्याची नाडी. भिया, तुम्ही खरंच आजारी आहात की काय?"

"मला… मला नक्की सांगता येत नाही."

ती रोज येऊ लागली. आई आठव्या दिवशी बरी झाली, पण सगुणाची पावले वाजली की कण्हायची. दहाव्या दिवशी सगुणा 'भिया' म्हणायची थांबली. हा आपला मान वाढला की गेला, हे मानाजीला कळेना.

बाराव्या दिवशी, मंगळवारी, कृष्णाजींनी आपल्या दारातूनच सांगितले, "धारच्या एका बिजवराची माणसं शुक्रवारी येताहेत. तुमच्या मनात असेल तर गुरुवारी दुपारचा मुहूर्त आहे, माझ्या अंगणात. नोकरी टिकवून या. बिननोकरीच्याला मुलगी देणार नाही."

मानाजी कचेरीत धावला. दत्तोपंतांनी पुस्तक शेवटपर्यंत चाळले.

"लग्नाची रजा यात नाही. शुक्रवारपर्यंत तुम्ही आजारी आहात. पडून राहा."

"पण गुरुवारी पलीकडे…"

"पलीकडे गेलात म्हणजे बरे झालात. बरे झालात तर गुरुवारी कामावर या. नाही आलात तर नोकरी गेली. आणि आजारी माणूस धावत येतो होय?"

मानाजी हळूहळू चालत परत गेला.

सगुणा तिच्या कडेला उभी होती, तो त्याच्या.

"गेलो तर नोकरी जाते. नोकरी गेली तर तू जातेस. न गेलो तर—"

"घरात तलवार आहे?"

"कोणाला मारायचंय?"

"लग्न करायचंय. खांड्याशी. सरदारांचे नवरदेव मोहिमेवर असले की त्यांची तलवार बोहल्यावर उभी करतात ना?"

"मी मोहिमेवर कुठे आहे? मी पांघरुणात आहे."

"खांड्याला रजा लागत नाही," सगुणा म्हणाली. आणि तेव्हा पहिल्यांदा हसली.

गुरुवारी आजोबांची तलवार मुंडावळ्या बांधून, वाजतगाजत परराज्यात गेली. मानाजी ओट्यावर घोंगडी घेऊन पडला होता. मंगलाष्टके स्वच्छ ऐकू येत होती. स्वतःच्या लग्नात आपण अक्षता टाकायच्या असतात का, हे त्याला ठरवता येईना. शेवटी टाकल्या. त्या रस्त्याच्या मधोमध पडल्या.

तासाभराने वरात आली. शालू, नथ, आणि हातात ती गंजकी तलवार.

"आता नीट सांगा," सगुणा म्हणाली, "माझा नवरा कोण? बोहल्यावर हा खांडा उभा होता."

"मग… मी कोण?"

"बघते." तिने त्याचा हात धरला. नाडी मोजून झाली, तरी सोडला नाही.

रस्ता अठरा हात रुंद होता; मानाजीने तो ओलांडला नव्हता.