जित्या आजोबाचं नाव

"बाई, मानूस सपशेल खोटा हाय. मला फकस्त पुरावा पायजे," असं म्हणतच काळुराम पाटील जिना चढून आत आले.

पेणमध्ये खाली गणपतीचा कारखाना आणि वर शांती कर्णिक यांचं चौकशीचं ऑफिस. बाई पूर्वी विम्याचे दावे तपासायच्या, त्यामुळे समोरच्यावर चटकन विश्वास ठेवणं त्यांना जमतच नसे. त्या कुणालाही नावानिशी फैलावर घेत. नवऱ्याच्या बाबतीत मात्र गाडी 'अहो'च्या पुढे कधी गेली नाही. नवरा म्हणजे पोपटराव. स्कूटर चालवायची आणि घाईघाईने चुकीचा निष्कर्ष काढायचा, ही त्यांची दोन कामं.

काळुराम निडीचे, सत्तरीला आलेले. थोरला भाऊ मोरू ब्याऐंशी साली वारला. त्याचा एकुलता एक मुलगा विठू सहासष्ट साली बापाशी भांडून बोटीवर गेला.

"त्या दिसापास्नं ना पत्र, ना निरोप. जिता का मेला, कुनाला ठावं नाय," काळुराम म्हणाले. "आनि आता ह्या डिसेंबरात मॉरिशसवरनं एक पोर उगवलाय. म्हनतो, मी विठूचा मुलगा. धोंडूवैनी येडी झालीय त्याच्या पायी. सोमवारी शेत त्याच्या नावावर करायला निघालीय."

"शेत कोण कसतं?"

"दादा गेला तवापास्नं मीच."

"आणि हा खोटा कशावरून?"

"नावावरून! म्हनतो, माजं नाव मोरू, आज्याचं ठेवलं. जलम सत्तर सालचा. तवा दादा चांगला धडधाकट व्हता. जित्या आज्याचं नाव नातवाला कोन ठेवतो, बाई? सासऱ्याचं नाव घेऊन सून पोराला हाक मारनार काय?"

पोपटरावांनी मांडीवर थाप मारली. "संपलं प्रकरण!"

"अहो, स्कूटर काढा," बाई म्हणाल्या.

गडबला चहा झाला, नागोठणे मागे पडलं आणि दोघं आधी रोह्याला पोचले. भावकीतला प्रविण तिथे इंटरनेटचं दुकान चालवत होता. घराण्याची वंशावळ त्यानेच एका फुकटच्या वेबसाइटवर चढवली होती. पाटलांच्या पाच-सहा पिढ्यांचे जन्म-मृत्यू आता जगात कुणीही, कुठेही बसून वाचू शकत होतं. ठगाला आणखी काय हवं?

बाईंना पाहून प्रविण कावराबावरा झाला.

"काळूकाका सांगत फिरतात, मीच त्याला शिकवून आणलाय. मी तर म्हाताऱ्यांना विचारून विचारून हौसेने केलं होतं हो!"

"त्याचा पहिला मेल दाखव."

मेल मोडक्यातोडक्या इंग्रजीत होता. प्रविणने वाचून दाखवला. वंशावळ आमचीच वाटते. पण आजोबांच्या मृत्यूचं साल चुकलं आहे का? ते माझ्या जन्माआधी गेले असं बाबा सांगत. आणि आजी हयात दाखवली आहे, ते खरं आहे का?

"मी कळवलं, साल बरोबर आहे आणि आजीही आहे. दुसऱ्याच आठवड्यात तो येऊन धडकला."

"कुठून लिहितो म्हणाला?"

"मॉरिशस. बाकी काही नाही."

बाहेर आल्यावर पोपटराव कुजबुजले, "बघितलंस? बरोबर साल समोर असूनही पठ्ठ्याने नाव बदललं नाही. ठग, आणि वर आळशी!"

बाई थबकल्या. "अहो, आज तुम्ही फार मोलाचं बोललात." पोपटराव निडीपर्यंत खुशीत होते.

निडीला धोंडुबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शेजारी उंच, सावळा तरुण जमेल तसा सोलत होता. काळुराम आधीच येऊन फाटकापाशी थांबले होते.

"बगा, कसा चिकटलाय," ते पुटपुटले. "मॉरिशस म्हनं! मोंबासाच्या गोदीत राबनारा मानूस मॉरिशसला कशाला मरायला जाईल?"

बाई आत गेल्या.

"ये गो बाय, बस," धोंडुबाई म्हणाल्या. "बाला, पानी आन बाईंना."

तो आत गेला तशा बाई पाठोपाठ गेल्या.

"वडील कुठे असतात?"

"दोन वर्षांपूर्वी गेले."

"मॉरिशसलाच होते का पहिल्यापासून?"

"नाही. आधी मोंबासा, गोदीत काम. मी तिकडेच जन्मलो. मग लहानपणी मॉरिशस."

"मोंबासाचं इथे कुणाला सांगितलंस?"

"नाही. कुणी विचारलं नाही."

पोपटरावांनी बाईंना बाजूला घेतलं. "म्हातारी त्याला एकदाही नावाने हाक मारत नाही. बाला काय, पोरा काय! तिलाच खात्री नाही."

"मी तरी तुम्हाला कधी नावाने हाक मारली? तिच्या नवऱ्याचं नाव आहे ते. चला बाहेर."

बाई ओट्यावर बसल्या आणि काळुरामांना त्यांनी समोर बोलावलं.

"काळुराम, तुमचा मुद्दा पक्का आहे. जित्या आजोबाचं नाव नातवाला ठेवत नाहीत."

"तेच सांगतोय मी!"

"आता वंशावळ वाचून सोंग रचणाऱ्या ठगाचा विचार करा. ब्याऐंशी साल त्याच्यासमोर होतं. प्रविणने शिकवलं असतं, तर त्यालाही ही रीत ठाऊक आहे. दोघांनीही दुसरं कुठलंही नाव घेतलं असतं. या मुलाला तर ते साल चूक वाटलं, आणि तरी त्याने आपलं नाव तेच सांगितलं, कारण ते त्याचं आहे. सत्तर साली मोरू हे नाव एकच माणूस ठेवू शकत होता. आपला बाप मेला असं मनापासून समजणारा विठू."

शेंगा सोलणारे धोंडुबाईंचे हात थांबले.

"म्हणजे त्याला तसं कुणीतरी कळवलं. पण विठू कुठे आहे हेच तुमच्यात कुणाला माहीत नव्हतं. ना पत्र, ना निरोप, असं तुम्हीच म्हणालात. मग मघाशी फाटकापाशी मोंबासाची गोदी तुमच्या तोंडात कुठून आली? या मुलाने ते इथे कुणालाही सांगितलेलं नाही."

काळुराम पायरीवर बसले.

"मोंबासावरनं खलाशी आला व्हता एक," ते म्हणाले. "विठूनं इचारलं व्हतं, बा माफ करंल का, परत येऊ का. खलाशी वाटंत मलाच गावला."

"काय सांगितलंत त्याला?"

"म्हनलं, बा गेला, आय बी गेली. घरात आता कोन नाय."

धोंडुबाईंनी तरुणाकडे पाहिलं. "म्हंजी मरताना त्याला वाटत व्हतं, आय नाय?"

तरुण म्हणाला, "पितृपक्षात तुझं पान वाढायचे, आजी. दरवर्षी."

पोपटरावांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले. बाईंनाही गलबलून आलं, आणि आपल्याला हा सगळा छडा अशा माणसाने लावायला सांगितला याचा रागही आला.

"भावजी," धोंडुबाई म्हणाल्या, "उठा. माज्या अंगनातून जावा."

काळुराम गेले. धोंडुबाई ओचा झटकून उभ्या राहिल्या.

"तुजं नाव माज्या तोंडी यायचं नाय, बाला. ज्याचं घेता येतं तो तर गेला. मी तुला विठूच म्हनीन." आणि दारात जाऊन त्यांनी खरोखरच हाक मारली, "विठू! चल, जेवाया वाढते."

"आलो," तो म्हणाला आणि आत गेला.