लोखंडी पुलाचा अडवलेला पाय

"परवापासून पूल तोडणार! गॅसकटरवाले आले!" शेजारचा लच्छू ओरडतच अंगणात शिरला.

कमला ताडकन उठून उभी राहिली. तिची आई नदीपल्याड सोळा कोसांवरच्या दवाखान्यात नर्स होती. दर शनिवारी बसने यायची. पण पुलाच्या पल्याडच्या टोकाच्या भिंतीला तडा गेला म्हणून पूल गाड्यांना बंद, म्हणून बसही बंद! सुट्टीचे वीस दिवस गेले तरी आईचं तोंड दिसलं नव्हतं. आता पूलच गेला, तर नदीला पूर असेपर्यंत, पावसाळ्याचे चार महिने ती भेटायची नाही. रोज संध्याकाळी कमला पुलावर बसून सागवनात शिरणाऱ्या रस्त्याकडे बघायची. आईच्या पातळाचा औषधी वास आठवला की रडू यायचं, आणि लच्छू चिडवेल म्हणून ती उगीच नाक शिंकरायची.

"शंभर वर्सं झाली त्या पुलाले," तिचे आबाजी, सोमाजी, म्हणाले. जन्मभर त्यांनी याच पुलावर रंग दिला होता, रिवेटचे जाड खिळे ठोकले होते. "विलायतेहून तुकडे आले, बैलबंड्यांत घालून. हरेक तुकड्यावर नंबर. इथी आणून जोडले. त्याले काऊन तोडता बापा? माह्ये गुडघे चालत नाई. तुमी पल्याडच्या टोकाची फट पाहून या."

कमला, लच्छू आणि त्यांची मैत्रीण गोकुळा धावत गेले, धापा टाकत परत आले.

"फट नाईच आबाजी! तिथी सिमेंट भरलं आहे!" गोकुळा म्हणाली.

"हिवाळ्यात ओव्हरसियर घनश्यामबाबूनं भरलं," लच्छू म्हणाला. "भोक पडलं म्हणे!"

आबाजींनी कपाळावर हात मारला. "अरे, ते भोक नाई! पुलाचं इकडचं टोक पक्कं, तिकडचं लोखंडी रुळांवर. लाटण्यावानी फिरते ते! उन्हानं लोखंड वाढते, त्याले सरकाले जागा लागते. त्याचा पायच अडवला! मग तो भिंतीले ढकलणार नाई त काय?"

तिघंही घनश्यामबाबूंकडे गेली आणि आबाजींचं म्हणणं सांगितलं. ते खो खो हसले. "पूल म्हणजे काय भाकर आहे फुगायला? उद्या मोठे साहेब येऊन पूल तोडायच्या कागदावर सही करतील. चला, पळा!"

"आपन साहेबालेच दाखवू!" कमला म्हणाली.

सकाळी साहेबांची जीप थांबली, तेव्हा तिघंही पल्याडच्या टोकाशी उभी होती. रात्रभर गार होऊन लोखंड आकसलं होतं, सिमेंटपाशी बारीकशी चीर पडली होती. कमलाने फ्रॉकच्या खिशातून आईचं पोस्टकार्ड काढलं.

"दुसरा कागद नाई काय व?" लच्छू कुजबुजला.

"हाच जाड आहे," म्हणत तिने ते चिरेत सरकवलं. "साहेब, आता हे सहज निघते. दुपारी ओढून पाहा, मग सही करा!"

"साहेब, पोरं आहेत, सोडा!" घनश्यामबाबू घाईने म्हणाले.

"दुपारपर्यंत थांबायला काय हरकत आहे?" साहेब म्हणाले, आणि आबाजींच्या ओट्यावर चहा प्यायला बसले. तिथे त्यांना पुलाची सगळी कहाणी ऐकायला मिळाली.

दुपारी लोखंडी कठडा इतका तापला की हात लावता येईना. साहेबांनी पोस्टकार्ड ओढलं. निघेना! जोर लावला तसा टर्रकन कोपराच फाटला. त्या कोपऱ्यावर 'तुझी आई' एवढंच होतं. कमलाने तो साहेबांकडून घेऊन मुठीत घट्ट धरला.

घनश्यामबाबूंचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं!

"हे सिमेंट आजच्या आज फोडा," साहेब म्हणाले. "आणि कटरवाल्यांना परत पाठवा."

छिन्न्या चालल्या. रूळ साफ झाले, त्यांना ग्रीस लागलं, भिंतही नव्याने बांधली गेली. बारा दिवसांनी साहेब स्वतः पूल तपासायला आले आणि भरला ट्रक त्यावरून नेऊन पाहिला. मग आबाजींना त्यांनी हात जोडले आणि सगळ्या गावासमोर पोरांच्या पाठी थोपटल्या.

"शाब्बास! आमच्या शिकलेल्या माणसाला जे दिसलं नाही, ते तुम्ही दाखवलंत. काय गं कमला, इंजिनिअर होशील ना?"

"ते मंग पाहू साहेब," कमला म्हणाली. "पहिले सांगा, बस किती वाजता सुटते?"

सगळे हसले. कमला हसली नाही. ती आईकडे जायची पिशवी भरायला घराकडे पळत सुटली होती.