जलखूण

आडेवाडीत घरोघरी पावसाच्या पाण्याची टाकी होती आणि प्रत्येक टाकीवर घराचा क्रमांक होता. विहिरींत समुद्राचं खारं पाणी शिरल्यापासून गाव छपरावरच्या पावसावरच जगत होतं. या टाक्यांत वाढणारी डासांची नवी जात अंड्यातूनच कंपज्वराचा विषाणू घेऊन जन्मे. म्हणून टाकीच्या प्रत्येक तोंडाला बारीक जाळी लावायची सक्ती होती, आणि तरीही या तापाने कोणी दगावलं तर जलखूण तपासली जाई.

ही पद्धत शोधली डॉ. मृण्मयी केळुसकर यांनी. दर छपराचं पाणी निराळं असतं. कुठे कौलांची माती उतरते, कुठे शेवाळ, कुठे पत्र्याचा गंज. डासाची अळी त्याच पाण्यातले क्षार घेऊन वाढते आणि त्यांची खूण पंखांत कायमची राहते. पंख तपासला की डास कोणत्या टाकीत जन्मला ते कळतं.

श्रावणात जनार्दन तोडणकरची बायको सुलभा कंपज्वराने गेली. जनार्दन होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. त्यांची अकरा वर्षांची मुलगी इरावती तेव्हापासून एकच विचारत होती, तो डास कोणाच्या टाकीतला? गावाने परस्पर शेजारच्या होडेकरांवर ठपका ठेवला होता. त्यांच्या अंगणात कोणी पाऊल टाकेना.

निकाल घेऊन केळुसकरबाई स्वतः आल्या. इरावती शाळेत होती. सुलभाच्या खोलीत सापडलेली डासाची मादी याच घरच्या टाकीत जन्मली होती, असं त्यांनी सांगितलं. जनार्दनला पटेना. टाकीचं झाकण तो दर रविवारी तपासायचा. मग दोघं टाकीमागे गेले. जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी नव्हती.

ती कुठे आहे हे जनार्दनला ठाऊक होतं. पडवीत, बांबूच्या काठीला बांधलेली. इरावतीने ती काढून चतुर पकडायचं जाळं केलं होतं आणि सुलभानेच तिला दोरा ओवून दिला होता.

"एवढ्याशा भोकातून?" त्याने विचारलं.

"त्यांना तेवढं पुरतं," बाई म्हणाल्या.

तो टाकीला टेकून बसला. अहवालात काय काय असतं, ते त्याने विचारलं. घर क्रमांक आणि कारण, दोन्ही चावडीवर लागतं, बाई म्हणाल्या. ते लागल्याशिवाय होडेकर सुटणार नव्हते.

"मग कारण लिहा, झाकण मी उघडं टाकलं."

"ते खोटं आहे, तोडणकर."

"डास आमच्या टाकीतला, हे खरं आहे ना? तेवढं राहू दे. पोर अकरा वर्षांची आहे, बाई."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा अहवालात खोटं लिहिलं. त्या गेल्यावर जनार्दनने काठी आणि जाळी चुलीत घातली.

संध्याकाळी त्याने इरावतीला झाकणाचं सांगितलं. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही," तो म्हणाला.

होडेकरांकडे लोक पुन्हा जाऊ लागले. दिवाळीत इरावती मावशीकडे चिपळूणला गेली आणि तिथेच राहिली. जनार्दन फोन करायचा. मावशी म्हणायची, अभ्यास करतेय.

ती सोळा वर्षांची झाली तेव्हा टपालाने एक अर्ज आला. नाव बदलण्याचा होता. वडिलांचं नाव काढून तिने लिहिलं होतं, इरावती सुलभा तोडणकर. खाली पालकाच्या संमतीची जागा रिकामी होती. जनार्दनने हात पुसले आणि सही केली.