गप्प डुकरांचं कोडं

"डुकरांना विष! माझ्या सख्ख्या भावानंच घातलंय." वराहपालनाची शेड चालवणारा थोरला भाऊ वहिनींच्या ऑफिसात धपकन खुर्चीत बसला. बाहीला कोंडा चिकटलेला, बोटं पांढरीफटक. "तुम्ही पुरावा द्या. आजच त्याला घराबाहेर काढतो."

वहिनींनी पर्स उचलली. वहिनी खासगी गुप्तहेर. सोबत त्यांचे दीर, भाऊजी. त्यांना का न्यायचं? वहिनींच्याच शब्दांत, "गाडी बरी चालवतात."

शेडमध्ये भाऊजींनी नाकाला रुमाल लावला. डुकरांच्या पायांवर, पोटावर काळपट खपल्या, वाढ खुंटलेली. कोपऱ्यातली म्हातारी डुकरीण तेवढी टुणटुणीत.

"खाणं-पाणी एकच?" वहिनींनी थोरल्याला विचारलं.

"एकच. ही चोरटी मात्र दार ढकलून स्वयंपाकघरामागे अंडी-मटणाचं उष्टं हादडते."

"खायची वेळ झाली ना? मग सगळी गप्प कशी?"

"बरंच आहे की! आईचं ऑपरेशन झालंय, वरच्या खोलीत झोपून असते. तिची खिडकी इथेच उघडते."

भाऊजींच्या डोक्यात काडीचाही उजेड पडला नाही.

घरात धाकटा भाऊ बॅग भरत होता.

"'एक दिवस सगळी मरतील' असं म्हणालात?"

"म्हणालो! दादा डॉक्टरला बोलवेना म्हणून. बाटलीनं दूध पाजून वाढवली मी ती. विष घालायला?" त्यानं शर्ट बॅगेत कोंबला.

खाद्यवाला म्हणाला, "माल तोच आहे, ताई. कोंडा मात्र दुप्पट नेतात हल्ली. वर चुन्याच्या दगडाची भुकटी."

"हाच तो!" भाऊजी कुजबुजले. "चेहरा बघा!"

"चेहऱ्यावरून ठरायचं तर तुम्हाला केव्हाच जन्मठेप झाली असती."

वहिनींनी सगळ्यांना शेडमध्ये गोळा केलं.

"विष असतं तर त्याच खाण्या-पाण्यानं म्हातारी डुकरीणही आजारी पडली असती. तिला वेगळं काय मिळतं? अंडी, मटण. म्हणजे जस्त, झिंक. बाकीच्यांच्या खाण्यातही थोडं आहे, पण कोंडा ते पोटातच धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. भुकटीनं ती पकड आणखी घट्ट होते. जस्त कमी पडलं की अशाच खपल्या धरतात. डॉक्टर खात्री करतील. खाणं सुधारलं की बरी होतील."

"पण इतका कोंडा घातला कुणी?" भाऊजींनी विचारलं.

वहिनींनी थोरल्याच्या बाहीकडे बोट दाखवलं. "भुकेली डुकरं किंचाळतात. पोट गच्च भरलं की गप्प. आईची झोप मोडू नये म्हणून ना? आणि भुकटी?"

"हाडं बळकट होतील वाटलं..." थोरला बाहीवरचा कोंडा झटकू लागला. धाकट्याकडे बघायची त्याला हिंमत होईना. "आईसाठी केलं रे."

"माहीत आहे. पण मला एकदा विचारायचंस तरी, दादा. थेट विषाचा आळ?"

वरची खिडकी करकरली. "अरे, हल्ली ती ओरडत का नाहीत?" आईचा थकलेला आवाज आला. "त्यांच्या गलक्यात मला छान झोप लागायची. तुम्ही दोघं खाली आहात, असं वाटायचं."



धाकट्यानं खिशातून फोन काढून डॉक्टरांना लावला. बॅग मात्र खांद्यावरच होती.