तीनशे माणसांचा एक ठसा

प्रयोगशाळेतल्या भिंतभर पडद्यावर तीनशे ठिपके एकमेकांना चिकटून बसले होते. त्यांतला एक उल्का डोईफोडेचा होता. तो नेमका कुठला, हे डॉ. निरंजन खासगीवाल्यांच्या ठसायंत्राला सांगता येत नव्हतं आणि त्याची त्यांना काही खंतही दिसत नव्हती. उल्काच्या डोक्यात तिडीक गेली.

उल्का जन्मापासून बहिरी. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायची. तिच्या हातांच्या खुणा मनगटावरचा हस्तवाचक बोलून दाखवी आणि समोरच्याचं बोलणं चष्म्याच्या काचेवर उमटे. हस्तवाचकाचा आवाज भलताच गोड होता. भांडायला निघालेल्या बाईला त्याचा काही उपयोग नव्हता.

‘बोलघर’ हा राज्यातला सगळ्यात मोठा चर्चामंच. गुडघेदुखीचं तेल आणि झटपट कर्ज विकणाऱ्या बनावट खात्यांनी त्याचा उकिरडा केला होता. तो खासगीवाल्यांनी साफ केला, हे खरं. पण त्या झाडलोटीत उल्काच्या शाळेचे तीनशे माजी विद्यार्थीही बाहेर फेकले गेले.

“हे बघा मॅडम,” खासगीवाले समजावू लागले, “नाव बदलता येतं, फोटो बदलता येतो. शब्द निवडायची सवय बदलत नाही. तोच माणसाचा लेखनठसा. दोन ठसे ठरलेल्या हद्दीपेक्षा जवळ आले, की लिहिणारा एकच. तुमच्या तीनशे खात्यांमागे एकच कुणीतरी आहे.”

“आहे ना. हर्डीकर बाई,” उल्का म्हणाली. “मिरजेकडच्या आमच्या कर्णबधिर शाळेतल्या. आम्ही मराठी कधी ऐकलीच नाही हो. बाईंनी फळ्यावर लिहून दाखवली तेवढीच आमची. आधी काय झालं ते, मग कुठे, मग कधी. फापटपसारा नाही. प्रत्येक वर्गाला बाईंनी तेच शिकवलं.”

“मला पटतंय. पण यंत्राला बाई कशा कळणार?”

“आणि पूर? नदीला पाणी सोडलं की गावोगाव भोंगे वाजतात. आम्हाला ते ऐकू येत नाहीत. आम्ही बोलघरावर एकमेकांना उठवतो, घराबाहेर काढतो. पावसाळा तोंडावर आलाय आणि आमची माणसं अंधारात आहेत. कुणी वाहून गेलं तर तुमचं यंत्र जबाबदारी घेणार आहे का?”

खासगीवाल्यांनी नजर चुकवली. “यंत्र फक्त बोट दाखवतं. खातं बंद करायला आमच्या दोन पहारेकऱ्यांची संमती लागते. दोन वेगवेगळ्या माणसांची. तो नियम यंत्राच्या गाभ्यातच बसवलाय, मलाही मोडता येत नाही.”

“पहारेकरी किती?”

“साठ. सगळी हाडामांसाची माणसं.”

“खाती उघडा म्हणून आम्ही विनवण्या पाठवल्या, त्यांना त्यांनी स्वतः उत्तरं लिहिली?”

“अर्थात! स्वतःच्या हाताने.”

“मग त्यांचे ठसे काढा.”

खासगीवाले हसले. आपल्या यंत्रावर त्यांचा लेकरासारखा जीव होता, आणि लेकराची परीक्षा घ्यायला ते कधीही तयार असत. त्यांनी लगेच बटण दाबलं.

पडद्यावर साठ ठिपके उमटले, सरकले आणि एकाच ठिपक्यात विरून गेले. प्रत्येकाच्या उत्तरात तेच शब्द होते: ‘आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ साठही जणांना एकाच प्रशिक्षणवर्गात नम्रपणा शिकवला होता.

ठिपक्याखाली यंत्राने आपला हिशेब मांडला. पहारेकरी, एक. संमती हवी, दोघांची. म्हणून आजवरची प्रत्येक बंदी रद्द. बंद खाती भराभर उघडू लागली.

“अहो, तेलवाले! कर्जवाले! सगळे आत घुसतायत!” खासगीवाले खुर्चीतून उठलेच.

“हद्द सैल करा,” उल्का म्हणाली. “ठसे याहून खूप जवळ आले, तरच माणूस एक धरायचा. साठ पहारेकरी पुन्हा साठ होतील. तेलवाल्यांवरची बंदी टिकेल.”

त्यांचा हात पुढे गेला आणि थबकला. पहारेकरी एकमेकांच्या जितके जवळ होते, तितके तिचे तीनशे जण जवळ नव्हते. साठ जण वेगळे ठरवायचे, तर त्याआधीच ते तीनशे वेगळे ठरणार होते.

“तुम्ही हे घरून मोजून आलात,” ते म्हणाले.

“हो. तीनशे जणांना आलेली उत्तरं होती माझ्याकडे. आणि मी इथे हात जोडायला आलेले नाही.”

“पण सैल हद्दीतून हुशार भामटे निसटणार. त्यांना ओळखायचं कुणी?”

“तुमच्या साठ जणांनी. संमती देण्याआधी समोरचं वाचायचं, बस. पगार त्याचाच घेतात ना?”

खासगीवाल्यांनी हात मागे घेतला. “मला वरिष्ठांना विचारावं लागेल.”

“विचारा की,” हस्तवाचक गोड आवाजात म्हणाला. “त्यांचेही ठसे काढून बघू.”

खासगीवाल्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने हद्द सैल केली.